विहिरीचं गुपित जगाला सांगणारी आल्मा

अमेरिकेत राहणाऱ्या लेकी-जावयांचे मेक्सिकोच्या सहलीचे फोटो हल्ली आपल्या मोबाइलवर येतात. आधी निळा समुद्र, मग पायऱ्यापायऱ्यांचा उंच दगडी पिरॅमिड, आणि शेवटी खोल गोल विहिरीत पोहणारी माणसं. ही सहल एका दिवसाची असते. पहाटे कॅनकून नाहीतर मेरिदा शहरातून बस निघते, बरोबर गाइड असतो. सकाळी चिचेन इत्झा इथले माया लोकांचे अवशेष बघायचे, दुपारी जेवण, मग विहिरीत डुंबायचं आणि अंधार पडता पडता परत.

त्या विहिरींना तिकडे सेनोटे म्हणतात. युकातान या मेक्सिकोच्या भागात जमीन चुनखडीची. पाऊस पडला की पाणी थेट खाली झिरपतं, त्यामुळे उत्तर युकातानात वर नदीच दिसत नाही. सगळं पाणी जमिनीच्या पोटात. पोखरलेल्या गुहेचं छत कुठे कुठे खचतं आणि आत गोड्या पाण्याचा डोह उघडा पडतो, तोच सेनोटे. पाणी तिथेच म्हणून गावंही तिथेच वसली. चिचेन इत्झा या नावाचा अर्थच मुळी इत्झा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी असलेलं गाव. विहिरीवर पाणी भरून वाढलेल्या आपल्या आज्यांना हे वेगळं सांगायला नको.

पोहायला नेतात ती विहीर मात्र वेगळी. जवळच इक किल नावाचा सेनोटे आहे, वरून मुळ्या लोंबतात, पायऱ्या उतरून खाली जायचं. उतरण्याआधी अंग धुऊन घ्यायला लावतात, म्हणजे अंगावरचं क्रीम पाण्यात जाऊ नये. अवशेषांमधला पवित्र सेनोटे मात्र फक्त काठावरून बघायचा. साधारण साठ मीटर रुंद, सरळ उभे कडे आणि वीस मीटरहून खाली हिरवट पाणी. तिथे कुणी पोहत नाही. पावसासाठी माया लोक तिथे देवाला सोनं, हिरवा मौल्यवान जेड दगड, धूप आणि माणसंही अर्पण करत. या विहिरीतलं सोनं कुठे गेलं, ते जगाला कळलं एका बाईमुळे. तिचं नाव आल्मा रीड. मेक्सिकोत आजही तिचं नाव आदराने घेतात, आपल्याकडे मात्र ते फारसं पोचलेलं नाही.

आल्माचा जन्म १८८९ चा, अमेरिकेतल्या सान फ्रान्सिस्को शहरातला. माहेरचं आडनाव सलिव्हन. लग्न झालं, पण थोड्याच काळात मोडलं. रीड हे आडनाव तेवढं राहिलं. आपल्या पायावर उभं राहायचं म्हणून ती वर्तमानपत्रात गेली. तिथल्या एका दैनिकात मिसेस गुडफेलो या नावाने ती सदर लिहायची. नाव ऐकून वाटेल, पाककृती आणि घर सजवायच्या युक्त्या असतील. पण त्या सदरात यायची गरिबांची गाऱ्हाणी. कुणाला हक्काचे पैसे मिळत नाहीत, कुणाला कोर्टाचा कागद वाचता येत नाही. आल्मा चौकशी करायची, वकिलांना गाठायची, लिहायची. सामाजिक काम करणारीला ठाऊक असतं, बाई दारात येते ती आधी पैसे मागायला येत नाही. आपलं कुणीतरी नीट ऐकून घ्यावं, एवढ्यासाठी येते. आल्माचं सदर म्हणजे तसं एक दारच होतं.

१९२१ मध्ये त्या दारात एक जीवघेणं प्रकरण आलं. सिमॉन रुईझ नावाचा सतरा वर्षांचा मेक्सिकन मुलगा, त्याला फाशी सुनावलेली. त्याला इंग्रजी धड येत नव्हतं, आणि गुन्हा कबूल केला की काय होतं, हेही त्याला पुरतं कळलेलं नव्हतं. आल्माने लेखणी हातात घेतली ती मुलगा वाचेपर्यंत खाली ठेवली नाही. तो वाचलाच, शिवाय अठरा वर्षांखालच्या मुलांना फाशी देऊ नये असा कायदा कॅलिफोर्निया राज्यात झाला. ही बातमी मेक्सिकोत पोचली. त्यांचे राष्ट्राध्यक्ष आल्वारो ओब्रेगॉन यांनी १९२२ मध्ये तिला पाहुणी म्हणून बोलावलं. परक्या देशातल्या एका पोरासाठी झटली, म्हणून तो देश तिचा झाला.

१९२३ च्या सुरुवातीला न्यूयॉर्क टाइम्स या मोठ्या दैनिकाने तिला युकातानला पाठवलं. कार्नेगी संस्थेचे संशोधक चिचेन इत्झाच्या कामासाठी निघाले होते, त्यांच्याबरोबर बातमीदार म्हणून. आज पक्क्या रस्त्याने बस जाते. तेव्हा आगगाडीतून उतरल्यावर पुढचा प्रवास खाचखळग्यांचा. पिरॅमिडवर रान माजलेलं. त्याच्या चार बाजूंना एक्क्याण्णव-एक्क्याण्णव पायऱ्या आणि वरची एक, मिळून वर्षाच्या दिवसांइतक्या तीनशे पासष्ट, ही गोष्ट आज गाइड पहिल्यांदा सांगतो. आता त्या पायऱ्या चढू देत नाहीत.

तिथेच आल्माला भेटला एडवर्ड थॉम्पसन. युकातानात अमेरिकेचा वकील म्हणून आलेला हा माणूस तिथेच रमला होता. १८९४ मध्ये त्याने तिथली एक मोठी जहागीर विकत घेतली आणि तिच्याबरोबर चिचेन इत्झाचे अवशेषही त्याच्या हद्दीत आले. जुन्या स्पॅनिश बिशपच्या लिखाणात त्याने विहिरीतल्या बळींबद्दल वाचलं होतं. लोक त्याला दंतकथा समजत. थॉम्पसनने १९०४ पासून यंत्राने विहिरीतला गाळ उपसायला सुरुवात केली. पुढे पाणबुड्याचा पोशाख चढवून त्या काळोख्या पाण्यात तो स्वतःही उतरला. धुपाचे गोळे, तांब्याच्या घंटा, सोन्याच्या चकत्या, जेडचे कोरीव दगड, कापडाचे तुकडे आणि माणसांची हाडं, सगळं वर आलं. आणि वर आलेलं बरंचसं मेक्सिको सरकारला न कळवता अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात गेलं.

वर्षानुवर्षं हे मोजक्या माणसांनाच माहीत होतं. थॉम्पसनने ते आपल्या तोंडाने आल्माला सांगितलं. मैत्रिणींनो, इथे थोडं थांबूया. थॉम्पसन काही भुरटा चोर नव्हता. माया लोकांत त्याने आयुष्य घालवलेलं, अभ्यास केलेला, त्या विहिरीपायी जीव धोक्यात घातलेला. सांगणारा आल्माच्याच देशाचा, माल गेलेला तिच्याच देशातल्या नावाजलेल्या विद्यापीठात, आणि तो छापणार तिच्याच देशाचा पेपर. गप्प बसली असती तर कुणी तिला विचारलंही नसतं. पण आल्माने लिहिलं. त्याच वर्षी, १९२३ मध्ये, तो वृत्तांत न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आला.

छापलेला कागद लगेच काही करत नाही, पण तो राहतो. १९२६ मध्ये मेक्सिको सरकारने थॉम्पसनवर खटला भरला आणि जहागीर ताब्यात घेतली. थॉम्पसन १९३५ मध्ये वारला. १९४४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो त्याच्या बाजूने. कायद्यात तेव्हा हरले. तरी सोनं कुठलं, कुणी काढलं, कुठे आहे, हे सगळं जगासमोर लिहून झालं होतं, ते पुसता येणार नव्हतं. १९७० च्या दशकात पीबॉडी संग्रहालयाने त्यातल्या काही वस्तू मेक्सिकोला परत दिल्या. बऱ्याचशा आजही तिकडेच आहेत.

याच प्रवासात आल्माच्या आयुष्यात फेलिपे कारिओ पुएर्तो आला. तो युकातानचा गव्हर्नर, मोतुल या गावचा, माया भाषा सफाईने बोलणारा. दोरखंडासाठी लावलेल्या घायपाताच्या मळ्यांवर माया मजूर पिढ्यानपिढ्या कर्जाने बांधलेले होते. फेलिपेने गावांना जमिनी दिल्या, शाळा काढल्या, मजुरांशी त्यांच्याच भाषेत बोलला. त्याची बहीण एल्विया बायकांच्या संघटना बांधत गावोगाव हिंडायची. १९२३ मध्ये ती आणि आणखी दोघीजणी राज्याच्या विधिमंडळावर निवडून आल्या. मेक्सिकोतल्या बायकांना देशभर मतदानाचा पूर्ण हक्क मिळाला तो १९५३ मध्ये, त्याच्या तीस वर्षं आधीची ही गोष्ट.

आल्मा आणि फेलिपे यांचं प्रेम जमलं. तो विवाहित होता, मुलंबाळं होती, बायकोपासून वेगळा राहत होता. त्याच वर्षी युकातानात घटस्फोट सोपा करणारा कायदा झाला आणि त्याने घटस्फोट घेतला. त्यावर लोक बोलले, आजही बोलतात, आणि त्या पहिल्या बायकोला काय वाटलं असेल हा विचार आपल्या मनात आल्याशिवाय राहत नाही. इतिहासात तिची बाजू फारशी येत नाही, एवढं खरं. आल्मासाठी फेलिपेने एक गाणं लिहवून घेतलं. पेरेग्रिना त्याचं नाव, म्हणजे दूरदेशीची प्रवासिनी. शब्द लुईस रोसादो वेगा यांचे, चाल रिकार्दो पाल्मेरीन यांची. युकातानात ते आजही गातात.

जुलै १९२३ मध्ये फेलिपेने रेल्वे स्टेशनच्या गावापासून चिचेन इत्झापर्यंत मोटारीचा रस्ता खुला केला. ज्यांच्या पूर्वजांनी ही देवळं बांधली, त्या माया लोकांना ती बघता यावीत आणि बाहेरचे प्रवासीही यावेत, ही त्यामागची दृष्टी. आजच्या एका दिवसाच्या सहलीची सुरुवात म्हणायची तर त्या रस्त्यापासून.

लग्न जानेवारी १९२४ मध्ये ठरलं. आल्मा तयारीसाठी सान फ्रान्सिस्कोला माहेरी गेली. इकडे डिसेंबरात मेक्सिकोत बंड झालं. फेलिपेला पळावं लागलं, तो किनाऱ्यावर पकडला गेला. ३ जानेवारी १९२४ च्या पहाटे मेरिदाच्या स्मशानभूमीत त्याला, त्याच्या तीन भावांना आणि इतर साथीदारांना गोळ्या घातल्या. तेरा माणसं. लग्नाच्या गडबडीत असलेल्या आल्माला माहेरी ती बातमी कळली. एल्विया आणि निवडून आलेल्या बाकीच्या बायकांनाही खुर्च्या सोडाव्या लागल्या. मिळालेला हक्क सांभाळणारं कुणी नसलं की एका रात्रीत कसा जातो, ते युकातानच्या बायकांनी तेव्हा बघितलं.

आल्मा पस्तिशीचीही नव्हती. तिने पुन्हा लग्न केलं नाही, पण दार लावून बसलीही नाही. उत्तर आफ्रिकेतल्या उत्खननांच्या बातम्या दिल्या, ग्रीसला गेली, ग्रीक शिकली. १९२८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिला होसे क्लेमेंते ओरोझ्को हा मेक्सिकन चित्रकार भेटला, परक्या शहरात एकटा, हलाखीत. आल्माने त्याच्यासाठी खटपट केली, चित्रांचं दालन उघडलं, भिंतचित्रांची कामं मिळवून दिली. न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये १९३०-३१ मध्ये त्याने भिंती रंगवल्या, त्यात आपले गांधीजी आहेत. त्या कामामागेही आल्माची धडपड होती. पुढे तिने ओरोझ्कोचं चरित्रही लिहिलं.

उतारवयात ती मेक्सिको सिटीतच राहिली आणि पुन्हा पेपरात सदर लिहू लागली. १९६१ मध्ये मेक्सिकोने तिला परदेशी व्यक्तींना दिला जाणारा मोठा सन्मान दिला. २० नोव्हेंबर १९६६ रोजी ती गेली. तिच्या अस्थी मेरिदाच्या त्याच स्मशानभूमीत ठेवल्या, फेलिपेच्या समाधीच्या जवळ. तिने लिहिलेली आत्मकथा मात्र हरवली होती. २००१ मध्ये मेक्सिको सिटीतल्या एका बंद घराच्या कपाटात ते कागद सापडले आणि २००७ मध्ये पुस्तक निघालं.

त्या विहिरीबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. सुंदर कुमारिकांना तिथे ढकलत, ही कहाणी अजून ऐकवली जाते. सापडलेली हाडं वेगळं सांगतात. त्यात पुरुष आहेत, बायका आहेत, लहान मुलंही पुष्कळ आहेत. विहिरीजवळच्या एका भुयारी टाक्यात १९६७ मध्ये सापडलेल्या चौसष्ट मुलांच्या अस्थींचा जनुकीय अभ्यास २०२४ मध्ये जाहीर झाला. ते सगळे मुलगे निघाले, त्यांत जुळे भाऊही. आणि त्या मुलांचं रक्ताचं नातं आजूबाजूच्या गावांतल्या आजच्या माया लोकांशी जुळलं. ते लोक कुठे नाहीसे झालेले नाहीत. सात लाखांहून जास्त माणसं आजही ती भाषा बोलतात, कुणी त्याच अवशेषांपाशी लाकडी मुखवटे विकतात, कुणी गाइड म्हणून तुम्हाला हिंडवतात.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाला लेकीने हौसेने तिकडे नेलंच, तर इक किलमध्ये जरूर डुंबा. पण आधी पवित्र सेनोटेच्या काठावर पाच मिनिटं उभ्या राहा, आणि गाइडला आल्मा रीडबद्दल विचारा. मेरिदाला मुक्काम असेल तर तिच्या समाधीवर दोन फुलं ठेवून या. आणि हे सगळं दूरचं वाटत असेल, तर आपल्या गावातल्या जुन्या बारवेची, देवळातल्या मूर्तींची एक यादी तरी करून ठेवा, फोटोसकट. उद्या काही नाहीसं झालं, तर ते आपलं होतं हे दाखवायला तोच कागद कामाला येईल.