परशुराम कृष्ण गोडे

परशुराम कृष्ण गोडे (जन्म : देवरुख, रत्नागिरी जिल्हा, ११ जुलै १८९१, मृत्यू : २८ मे १९६१) हे प्राच्यविद्या संशोधक व हस्तलिखितांचे सूचिकार होते. १९१९ साली ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत अभिरक्षक झाले आणि पुढे सुमारे चार दशके त्या पदावर राहिले.

सूचिकार्य

ब्यूलर, कीलहॉर्न, रा. गो. भांडारकर, पीटरसन आदींनी मुंबई सरकारसाठी जमवलेल्या हजारो पोथ्या १९१८ साली डेक्कन कॉलेजातून या संस्थेत आल्या. प्रत्येक पोथीच्या क्रमांकाला ती मिळाल्याचे वर्ष जोडलेले होते. नव्या जागी हा क्रमांक बदलला गेला नाही. तो बदलला असता तर जुन्या अहवालांतले आणि थिओडोर आउफ्रेख्टच्या 'कॅटलॉगस कॅटलॉगोरम' या संकलित सूचीतले (१८९१-१९०३) संदर्भ निरुपयोगी ठरले असते.

गोडे यांनी या संग्रहाच्या वर्णनात्मक सूचीचे अलंकार-संगीत-नाट्य (१९३६), नाटक (१९३७) आणि काव्य हे खंड सिद्ध केले. पोथीचा आकार, पाने, पानावरील ओळी, ओळीतील अक्षरे, लिपी, काळ, कर्ता, आरंभ, अंत व इतर सूच्यांतील उल्लेख हे तपशील दर नोंदीत ठरलेल्या क्रमाने येतात. काम कंटाळवाणे खरे, पण त्यामुळेच दूरच्या अभ्यासकाला पोथी न पाहता आपल्याजवळील प्रतीशी तिची तुलना करता येते. आज एका ग्रंथालयाची नोंद दुसऱ्याच्या संगणकप्रणालीत आपोआप उतरवण्यासाठीही ठरलेले रकाने आणि न बदलणारा क्रमांक याच दोन गोष्टी लागतात. १९३५ साली मद्रास विद्यापीठाने आउफ्रेख्टच्या सूचीची नवी आवृत्ती हाती घेतली. तिचा आधारही अशा छापील सूच्याच होत्या.

संशोधन

नकलेची तारीख आणि एका ग्रंथातील दुसऱ्याचा उल्लेख यांवरून ग्रंथकारांचा काळ निश्चित करणे ही गोडे यांची पद्धत होती. 'भोजनकुतूहल' या पाकविषयक संस्कृत ग्रंथाचा कर्ता रघुनाथ नवहस्त सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला असून त्याचा समर्थ रामदासांशी संबंध होता, हे त्यांनी दाखवले. तंबाखू, विडा, चष्मा, दारूकाम यांच्या इतिहासावरही त्यांनी लिहिले. त्यांच्या शोधनिबंधांची संख्या चारशेहून अधिक आहे. वा. शि. आपटे यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाची सुधारित आवृत्ती (१९५७-५९) त्यांनी चिं. ग. कर्वे यांच्यासह संपादित केली.