डॉ. सॅम्युएल हॅनिमन

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होमिओपथीच्या पांढऱ्या गोळ्यांची पेटी असते. ज्या पुरुषाने ही पद्धती जगाला दिली त्याचे चरित्र मात्र फारसे कोणास ठाऊक नसते.

सॅम्युएल हॅनिमन यांचा जन्म १० एप्रिल १७५५ रोजी जर्मनीतील माइसेन येथे एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. वडील तेथील प्रसिद्ध कारखान्यात चिनीमातीच्या भांड्यांवर चित्रे रंगवीत. घरची स्थिती बेताची. भाषांतरे व शिकवण्या करून त्यांनी शिक्षण पुरे केले आणि १७७९ साली एर्लांगेन येथे वैद्यकीची पदवी मिळविली.

त्या काळचे उपचार वाचताना आजही अंगावर काटा येतो. ताप कोणताही असो, शीर तोडून रक्त काढावे, जळवा लावाव्यात, जालीम रेचके व पारा द्यावा, असा प्रघात होता. रोग्याला अपाय करून पैसे घेणे हॅनिमन यांच्या सदसद्विवेकबुद्धीला मानवेना. घरात मुलांची संख्या वाढत असतानाही त्यांनी चालता व्यवसाय सोडला व ते पुन्हा भाषांतरांवर गुजराण करू लागले. १७९२ साली सम्राट दुसरा लिओपोल्ड याचे वारंवार रक्त काढण्यात आले व तो मरण पावला, तेव्हा त्यांनी राजवैद्यांना जाहीरपणे जाब विचारला. त्याच वर्षी गेऑर्गेनताल येथे क्लॉकनब्रिंग नावाचा एक वेडा झालेला अधिकारी त्यांच्या स्वाधीन करण्यात आला. वेड्यांना साखळदंडांनी जखडून फटके मारण्याचे ते युग. पण हॅनिमन यांनी त्याला ममतेने वागविले, आणि तो बरा होऊन घरी गेला. त्यांच्या आयुष्यातील हेच पान आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते.

त्यांचा सिद्धान्त १७९० सालचा. कलेन या स्कॉटिश वैद्याच्या ग्रंथाचे भाषांतर करताना, सिंकोनाची साल हिवतापावर का चालते याचे तेथील स्पष्टीकरण त्यांना पटेना. त्यांनी ती साल स्वतः घेऊन पाहिली व हिवतापासारखी लक्षणे जाणवल्याचे नोंदविले. जे निरोगी माणसात रोगाची लक्षणे उत्पन्न करते तेच त्या रोगाचे औषध, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे त्यांनी अनेक द्रव्ये स्वतःवर व शिष्यांवर पारखली आणि १८१० साली ‘ऑर्गनन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

औषध जितके विरल तितके प्रभावी, असेही ते मानू लागले. एक भाग औषध नव्व्याण्णव भाग द्रवात मिसळायचे, आणि असे तीस वेळा करायचे. अशा मिश्रणात मूळ औषधाचा एक रेणूही उरण्याचा संभव जवळजवळ नसतो. रेणूंच्या आकाराचे गणित १८६५ साली मांडले गेले. त्याचा दोष हॅनिमन यांना देणे अन्यायाचे होईल. पण त्यांच्या हयातीतच, १८३५ साली, न्यूरेंबर्ग येथे एक साधी कसोटी झाली. काही बाटल्यांत तीस वेळा विरल केलेले मीठ, काहींत नुसते वितळलेल्या बर्फाचे पाणी. कोणाला कोणती बाटली मिळाली हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते व घेणाऱ्यालाही. बहुतेकांना काहीच जाणवले नाही, आणि दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेनेही, असंख्य प्रयोग तपासून, कोणत्याही विकारावर होमिओपथी गुणकारी असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, असेच म्हटले.

मग रोगी बरे कसे होत? १८५४ च्या पटकीच्या साथीत लंडनच्या होमिओपथिक रुग्णालयात इतर ठिकाणांपेक्षा पुष्कळच कमी रोगी दगावले. तेथे रक्त काढीत नसत, हे त्याचे मोठे कारण असावे. पुष्कळ आजार आपोआपही ओसरतात, आणि रोग्याचे तासभर शांतपणे ऐकून घेणारा वैद्य हाही एक दिलासाच. आज मात्र क्षयाला, मधुमेहाला, कर्करोगाला कसोटीस उतरलेले उपचार आहेत. ते सोडून गोळ्यांवर विसंबणाऱ्याचे आयुष्य पणाला लागते. आम्हां ख्रिस्ती लोकांत, मिशनऱ्यांनी दिलेले औषध म्हणून त्याविषयी शंका घेण्याचा संकोच असतो. औषध देणाऱ्याची करुणा खरी असली तरी त्याने औषधाचा गुण सिद्ध होत नाही.

वयाच्या एेंशीव्या वर्षी हॅनिमन यांनी मेलानी या फ्रेंच तरुणीशी दुसरा विवाह केला व ते पॅरिसला गेले. तेथे २ जुलै १८४३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १८८० साली जर्मन जेज्वीट फादर ऑगस्टस म्युलर यांनी मंगळूरच्या कंकनाडी येथे गोरगरिबांना होमिओपथीची औषधे देण्यास आरंभ केला, आणि १८९० मध्ये कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढले. तेथे आज आधुनिक वैद्यकाचे मोठे महाविद्यालय व रुग्णालय उभे आहे. होमिओपथीचे महाविद्यालयही त्याच संस्थेचे आहे.