गडकऱ्यांचा प्याला

वाङ्मयातील खाण्यापिण्याची वर्णने म्हटली की बहुधा पंचपक्वान्नांची ताटे डोळ्यांपुढे येतात. परंतु मराठीत जो प्याला कोणी विसरू शकला नाही, त्याच्या वर्णनाचा भर मद्याच्या रंगावर वा चवीवर नाही. तो प्याला राम गणेश गडकरी यांचा.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत नवसारी येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले व घरी दारिद्र्य आले. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजातले शिक्षण अर्धवट राहिले आणि ते किर्लोस्कर नाटक मंडळीतील मुलांचे मास्तर झाले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे त्यांचे गुरू. त्यांच्या विनोदी लेखसंग्रहाचे नाव 'सुदाम्याचे पोहे'! आमच्या बिडकीनच्या एखाद्या विद्यार्थ्याने ते पाकशास्त्राचे पुस्तक समजून उघडले, तर त्याची फसगत होईल; तोटा मात्र होणार नाही. शिष्यानेही 'बाळकराम' या नावाने विनोद लिहिला व 'गोविंदाग्रज' या नावाने कविता केली.

त्यांच्या 'एकच प्याला' नाटकातील सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. न्यायालयात अपमान होऊन त्याची सनद काही काळ रद्द होते, आणि नेमक्या त्या संतापाच्या घडीस त्याचा कारकून तळीराम पहिला प्याला पुढे करतो. तळीराम व त्याच्या मद्यपी मंडळाचे युक्तिवाद ऐकून प्रेक्षक पोट धरून हसतात. या विनोदाने मद्य गोड होते, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो पटत नाही. पहिला प्याला कडूच भासता, तर तो ओठांस लावला कोणी असता? शिवाय प्याल्याचे खरे वर्णन सुधाकराच्या स्वयंपाकघरात आहे. इकडे प्याला भरतो, तिकडे डबे रिते होतात. सिंधूचे माहेर श्रीमंत; तरी ती भावाचा पैसा न घेता लोकांचे दळण दळते आणि तान्ह्याच्या मुखी घास घालते. पुढे सुधाकराच्याच हातून ते बाळ जाते, सिंधूही जाते, आणि अखेरच्या प्याल्यात तो स्वतःसाठी विष कालवतो.

क्षयाने खंगलेले गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे वारले. वय अवघे ३३. त्यानंतर २८ दिवसांनी, २० फेब्रुवारीस, बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. एरवी भरजरी वस्त्रांत शोभणारे बालगंधर्व त्यात गरिबीने गांजलेली सिंधू झाले होते.