सरनौबत झाला सेनापती! शिवरायांनी लष्करी पदांची नावं का बदलली?

अमेरिकेत संरक्षण खात्याला पुन्हा ‘युद्ध खातं’ म्हणायचं का, यावर वाद रंगला. नाव कायमचं बदलायचं तर तिथे कायदा करावा लागतो. महाराष्ट्राने लष्करी पदांचं असं नामांतर ३५० वर्षांपूर्वीच पाहिलंय. ते केलं छत्रपती शिवाजी महाराजांनी. पण त्यांनी आधी फौज आणि आरमार उभं केलं, नावं नंतर बदलली.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर जन्मलेल्या शिवरायांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीत जहाजं बांधायला सुरुवात केली. ही खाडी वसईजवळ समुद्राला मिळते आणि वसई तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. जहाजांच्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यांना फितवलं आणि ते काम टाकून निघून गेले. तरी आरमार थांबलं नाही. १६६४ मध्ये मालवणला सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या काळी कारभाराच्या भाषेवर फारसीचा पगडा होता. आता सरनौबताचा ‘सेनापती’ झाला, मुजुमदाराचा ‘अमात्य’, डबीराचा ‘सुमंत’. सेनापतिपदी होते हंबीरराव मोहिते. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे राज्यव्यवहारकोशाचं काम आलं. त्यात शस्त्रं, सैन्य आणि किल्ले यांच्या शब्दांसाठी स्वतंत्र वर्ग आहेत.

हा फक्त भाषेचा हट्ट नव्हता. हे राज्य कुणा बादशहाची जहागीर नाही, स्वतंत्र आहे, हे कारभारातल्या रोजच्या शब्दांतूनही दिसायला हवं होतं.

मग सगळी नावं रुजली का? ‘सेनापती’ रुजला. पेशव्याचं मात्र ‘मुख्य प्रधान’ झालं, ते शिक्क्यावर राहिलं. लोकांच्या तोंडी ‘पेशवा’च टिकला.

३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचं रायगडावर निधन झालं. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला. ते बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ. वसईत आजही ती पेशव्यांची मोहीम म्हणूनच ओळखली जाते, मुख्य प्रधानांची नाही.

नाव हुकमाने बदलतं, पण ते टिकवायचं की नाही, हे लोकच ठरवतात.