जावजी दादाजी आणि निर्णयसागरी अक्षराचे वळण

मराठी वाङ्मयेतिहासात ग्रंथकाराला प्रकरण मिळते, मुद्रकाला मात्र बहुधा तळटीप. जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) यांचे चरित्र या वाटणीचा फेरविचार करावयास लावते.

मुंबईत गरीब कुटुंबात जन्मलेल्या जावजींना शालेय शिक्षण फारसे लाभले नाही. वयाच्या दहाव्या वर्षी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली, दरमहा दोन रुपये वेतनावर, ओतलेले खिळे घासण्याच्या कामास लागले. अक्षराशी त्यांची ओळख अशी पुस्तकापेक्षा धातूतून अधिक झाली. पुढे इंदुप्रकाश व ओरिएंटल या छापखान्यांत अनुभव घेऊन त्यांनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला.

या उद्योगात राणोजी रावजी आरू यांची साथ मोलाची ठरली. पोलादी ठशावर उलटे अक्षर कोरावयाचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करावयाचा आणि त्यात शिशाचा मिश्रधातू ओतावयाचा, अशी ही प्रक्रिया होती. जोडाक्षरे व मात्रा यांमुळे देवनागरीला शेकडो खिळे लागतात. त्या सर्वांचे वळण एकजिनसी राखणे ही खरी कसोटी. आरूंच्या अक्षरात बोरूने लिहिताना उमटणारी जाड-बारीक रेषा टिकून राहिली. पोथीच्या हस्ताक्षराला सरावलेल्या वाचकाला त्यामुळे छापील पान परके वाटले नाही.

विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक निर्णयसागरात छापले जाई. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद व काशीनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली निघू लागलेल्या ‘काव्यमाला’ने अनेक संस्कृत ग्रंथ अभ्यासकांच्या हाती दिले. मुलांचे वाचन आणि पंडितांचे अध्ययन या दोहोंना एकाच छापखान्याने अक्षर पुरविले, ही बाब लक्षणीय आहे.

खिळ्यांची जुळणी आता मागे पडली आहे. संगणकावर मात्र जुन्या छपाईचा भास देणारी नक्षीदार शीर्षकाक्षरे सर्रास वापरली जातात; मुंबईपासून जव्हार-मोखाड्यासारख्या तालुक्यांपर्यंत कोठल्याही लग्नपत्रिकेवर वा दुकानाच्या पाटीवर ती आढळू शकतात. तेथे रेषेची जाडी आणि टोकांचा डौल शोभेसाठी येतो. जावजींच्या छापखान्यात हाच डौल शोभेसाठी नव्हता. लांबलचक मजकूर डोळ्यांना न शिणवता वाचता यावा, यासाठी होता. दोन-चार शब्दांच्या शीर्षकाला खुलणारे आजचे नक्षीदार अक्षर सलग परिच्छेदात वाचकाला थकविते. निर्णयसागरी अक्षर मात्र शेकडो पृष्ठे पेलून धरी.

म्हणूनच एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांच्या अभ्यासकाने संहितेबरोबर तिच्या अक्षराचीही नोंद घ्यावयास हवी. पुनर्मुद्रणात शब्द तेच राहतात, परंतु ते ज्या वळणाने प्रथम वाचले गेले ते वळण नाहीसे होते. खिळे घासणाऱ्या त्या मुलाने पुढे घडवून घेतले ते हेच वळण होय.