नऊवारी, थंडी आणि नवऱ्याची पत्रं

मैत्रिणींनो, आमचे ‘हे’ दोन दिवस बाहेरगावी गेले तरी फोनवरून विचारणार, गॅस बंद केलास ना? तेव्हा मला हटकून आठवतात डॉ. आनंदीबाई जोशी.

नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव पोस्टात, वयानं खूप मोठे. इतर बायका स्वयंपाक चुकला म्हणून बोलणी खायच्या, ह्या अभ्यास सोडून स्वयंपाकात रमल्या म्हणून मार खायच्या! हसू येतं, पण लगेच ओसरतंही.

१८८३ मध्ये, अठराव्या वर्षी त्या नवऱ्याशिवाय बोटीनं अमेरिकेला गेल्या. मग संसार पत्रांतूनच. पत्र पोचायला कित्येक आठवडे. म्हणजे आजचा राग पुढच्या महिन्यात पोचणार. फिलाडेल्फियात थंडी मरणाची. नऊवारीत पाय उघडे पडतात, म्हणून त्या गुजराती पद्धतीनं नेसू लागल्या. खोलीतली शेकोटी पेटवली की धूर, नाही पेटवली की गारठा.

पुढे गोपाळरावही तिकडे पोचले, आणि तिथल्याच लोकांवर टीकेची भाषणं देऊ लागले! ज्यांच्या घरी आपण पाहुण्या, त्यांच्यासमोर बाईंची काय पंचाईत झाली असेल, ते आपल्यालाच कळावं.

११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्याच वर्षी दोघं परतली ती क्षय घेऊनच. कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक तशीच राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बाविसाव्या वर्षी.

रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवली. आनंदीबाईंना लेकीसारखं घरात ठेवून घेणाऱ्या त्या बाईंनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.