डॉक्टर विल्यम केरी आणि कुंभ्याचे झाड

जालना जिल्ह्यातील आमच्या वाचकांपैकी जे कोणी सह्याद्रीच्या रानात गेले असतील, त्यांनी कुंभ्याचा वृक्ष पाहिला असेल. हिवाळ्यात त्याची पाने तांबडी होऊन गळतात. मग उघड्या फांद्यांच्या शेंड्यांस मोठी पांढरी फुले येतात, व प्रत्येक फुलात केसरांचा झुबका असतो. त्याच्या सालीचे दोर वळतात. या झाडास जगातील सर्व वनस्पतिशास्त्रज्ञ केरिया म्हणतात. हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या डॉक्टर विल्यम केरी यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील पॉलर्सपरी या खेड्यात एका विणकराच्या घरी झाला. त्यांस लहानपणापासून झाडाझुडपांचे वेड होते; परंतु ऊन सोसेना म्हणून बाहेरचे काम सोडून त्यांनी जोडे शिवण्याचा धंदा धरिला. १७९३ साली ते मिशनरी होऊन बंगाल्यात आले, आणि १८०० पासून हुगळीकाठच्या श्रीरामपुरात राहिले. पंडित वैजनाथ यांच्या साह्याने त्यांनी १८०५ साली मराठी व्याकरण व १८१० साली मराठी कोश छापिला, हे त्यांचे आम्हां मराठी लोकांवर मोठे ऋण आहे.

श्रीरामपुरात त्यांनी मोठी बाग केली. कलकत्त्याच्या कंपनी बागेचे मुख्य डॉक्टर विल्यम रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही. दोघांत बियांची व रोपांची देवघेव चाले. शास्त्रात प्रत्येक झाडास दोन नावे असतात. पहिले प्रजातीचे, म्हणजे आडनावासारखे, व दुसरे जातीचे. रॉक्सबर्ग यांनी कुंभा आणि बंगालच्या माळावरील एक ठेंगणे झुडूप ही दोन्ही एका प्रजातीत घातली. एक वृक्ष, दुसरे गवतात लपणारे; परंतु फूल व फळ यांची घडण सारखी, आणि शास्त्र उंचीपेक्षा ही घडणच पाहते. या घराण्यास त्यांनी आपल्या मित्राचे नाव दिले.

१८१२ साली श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागून केरी यांचे कित्येक वर्षांचे हस्तलिखित श्रम भस्म झाले. पुढल्याच वर्षी प्रकृती ढासळल्यामुळे रॉक्सबर्ग स्वदेशी गेले. जाताना भारतातील वनस्पतींवरील आपले हस्तलिखित त्यांनी केरी यांच्या स्वाधीन केले. १८१५ साली ते एडिंबरो येथे वारले. स्वतःचे कागद जळाल्याचे दुःख ज्यांस ठाऊक होते, त्यांनी मित्राचे कागद वाया जाऊ दिले नाहीत. १८२० व १८२४ साली डॉक्टर वॉलिच यांच्यासह त्यांनी दोन खंड छापिले. मध्यंतरी १८२३ च्या महापुरात त्यांची बाग बुडाली. ती त्यांनी पुन्हा लाविली. अखेरीस १८३२ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मित्राचा ग्रंथ त्यांनी तीन खंडांत बाहेर काढिला. दोन वर्षांनी, ९ जून १८३४ रोजी, त्यांनी देह ठेविला.

वाचकहो, मित्राने त्यांस एक नाव दिले, व त्यांनी मित्राचे जन्माचे काम तडीस नेले. दुसऱ्याचे अपुरे राहिलेले काम स्वतःचे समजून पुरे करणारी माणसे आपल्याही गावांत व्हावीत, एवढेच आम्ही म्हणतो.